उताणा दंडवत

“पांढरं की सागवानी? एवढं एकच सांगा, बाईजी.”

दादाने टॅब्लेट त्यांच्या पुढ्यात धरला. बाईजी चौरंगाशी बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“काय पांढरं?”

“कॅबिनेट.”

“ते काय असतं?”

“कपाट, बाईजी. माशांच्या टाकीखालचं कपाट.”

एक पिवळं पान बाजूला पडलं.

“माशांना कपाट? कपडे असतात होय रे त्यांना?”

मला हसू आलं. दादाला आलं नाही.

बाणगंगेच्या काठी महानुभावांचा हा लहानसा मठ. शेवंताबाईजी इथल्या सर्वांत वयस्कर तपस्विनी. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तरुणपणी इथंच उपदेश घेतला. तेव्हापासून घरात काही मोठं करायचं म्हटलं की आम्ही बारामतीहून इथं येतो. बाईजींना विचारतो, मग करतो.

दादाचं विचारणं म्हणजे ‘हो’ ऐकायला येणं. तो इंटिरियर डिझायनर आहे. लोकांची घरं सजवतो, आणि खरंच सुंदर सजवतो. त्याच्या घरात भिंतीचा रंग आणि पडद्याचा रंग कधी भांडत नाहीत. हे त्याला माहीत आहे. समोरच्यालाही माहीत असावं, असं त्याला वाटतं.

“सहा फुटी टाकी आहे,” तो म्हणाला. “बारामतीत एवढी टाकी कुणाच्या हॉलमध्ये नसेल. काच जाड, सांधे दिसणार नाहीत असे. वरच्या झाकणात दिवे.”

“आणि कपाट?”

“टाकी त्याच्यावर बसते. फिल्टर, नळ्या, वायरी, सगळं त्याच्या पोटात लपतं. बाहेरून नुसतं पाणी दिसलं पाहिजे. पांढरं घेतलं तर हॉल मोठा वाटतो. सागवानी घेतलं तर टीव्हीच्या युनिटशी जुळतं. आज दुपारपर्यंत दुकानात कळवायचंय, उद्या ते काच कापायला घेणार.”

“एवढं पाणी घरात…” मी म्हणाले. “सहाशे लिटर. फुटली म्हणजे?”

“हिचं ऐकू नका बाईजी. कुकरची शिट्टी झाली तरी ही उडते.”

“उडू दे की. ऐकू तरी येतं तिला.”

दादा ओशाळं हसला.

“कुणासाठी रे एवढं?”

“अप्पांसाठी.”

बाईजींचा हात थांबला.

“भानुदास कसा आहे?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. हे उत्तर नेहमी मीच देते.

“तसेच आहेत. जेवण थोडं. उजवी बाजू गेली ती गेलीच, बोलणंही गेलं. समजतं मात्र सगळं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात. डॉक्टर म्हणतात, मानेला काही झालेलं नाही, मान वळते. पण…”

“पण?”

“ते वळवत नाहीत, बाईजी. आमच्याकडं बघतच नाहीत.”

अप्पा एसटीत कंडक्टर होते. गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघायचं आणि त्याचं गाव सांगायचं, हा त्यांचा खेळ होता. कुणाची लेक कुठं दिली, कुणाचा जावई रुसला, सगळं पाठ. असा माणूस भिंतीकडे वळला, तो वळलाच.

दादा पुढे सरकला.

“मागच्या महिन्यात त्यांना फिजिओथेरपीला नेलं होतं. तिथं बाहेरच्या खोलीत माशांची टाकी होती. छोटीशी, साधी. अप्पांनी तिच्याकडं बघितलं. टक लावून बघितलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांनी बघितलेली ती एकच गोष्ट आहे, बाईजी. आम्ही नाही. मासे.”

त्याचा आवाज जरा चिरला. तो उगाच खोकला.

“म्हणून म्हटलं, टाकीच घरी आणू. त्या टाकीच्या तिप्पट. मग तरी वळवतील की नाही मान?”

दादा असाच आहे. माया त्याला मापं घेऊनच करता येते. पण माप घेतो ते मोठं घेतो. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल फार वाटलं, आणि मी मेथीची एक काडी उचलून उगाच निवडायला लागले.

“बघू चित्र,” बाईजी म्हणाल्या.

त्यांनी हात पदराला पुसले. टॅब्लेट डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ घेतला. चित्रात आमचा हॉल होता. प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त उजेडाचा. मधोमध टाकी, टाकीत नारिंगी मासे, खाली पांढरं कॅबिनेट.

“छान आहे रे.”

“पांढरं?”

“सगळंच. पण यात भानुदास कुठं आहे?”

“अप्पा… त्यांची कॉट ह्या बाजूला येणार. चित्रात दाखवली नाही.”

“का?”

“दवाखान्याची लोखंडी कॉट आहे. चित्रात… बरी दिसत नाही.”

बाईजींनी चित्र पुन्हा एकदा पाहिलं. टॅब्लेट परत दिला.

बाहेर कुणीतरी रहाटावर पाणी ओढत होतं. दोर कुरकुरत होता…

“सारंगा, आल्यावर दंडवत घातलास का रे?”

“घातला की! तुम्ही बघितलंत.”

“पालथा घातलास.”

“दंडवत पालथाच घालतात, बाईजी.”

“आता उताणा घाल.”

दादाला वाटलं, थट्टा आहे. तो माझ्याकडे बघून हसला. मी खांदे उडवले. बाईजी हसल्या नाहीत. त्यांनी मेथी ठेवलेलं सूप बाजूला सरकवलं, आपल्या शेजारची जागा पदराने झाडली.

“इथं. भिंतीला लागून. आकाशाकडं तोंड.”

“शर्ट लिननचा आहे हो…”

“माझी फरशी तुझ्या शर्टापेक्षा स्वच्छ आहे. पड.”

तो पडला. दंडवताला करतात तसे हात डोक्यावर नेले, मग कसंतरी वाटलं म्हणून पोटावर घेतले. सहा फुटांचा माझा भाऊ शहाबादी फरशीवर उताणा. बूट मठाच्या दारात काढलेले, एका मोज्याला अंगठ्याशी भोक.

“काय दिसतंय?”

“पत्रे. एक कोळिष्टक.”

“आणखी?”

“तुमचा चौरंग. खालून. एक खिळा बाहेर आलाय.”

“आणखी?”

“आणखी काय… चौरंगाची फळी मध्ये येते. वरचं काही दिसत नाही. तुमची हनुवटी…”

तो डोळे बारीक करून फळीकडे बघायला लागला. मग ओरडला, इतक्या जोरात की मी जागच्या जागी उडाले.

“अरे! कॅबिनेट!”

“काय झालं?” मी विचारलं.

“उंची! आशू, उंची चुकली! मी उभ्या माणसाच्या नजरेनं उंची धरली. सगळे तशीच धरतात, पाहुणा दारातून आला की त्याला टाकी दिसली पाहिजे म्हणून. कॉटवरून अप्पांच्या डोळ्यांसमोर काय येणार? कपाटाचं शटर! पाणी सगळं वर. आयुष्यभर बघायला नुसतं लाकूड! टॅब्लेट दे, टॅब्लेट दे. अर्ध्यावर आणतो उंची.”

तो कोपरांवर उठलासुद्धा. चेहरा नुसता उजळला होता.

“बाईजी, धन्य आहे तुमची! हेच दाखवायचं होतं ना तुम्हाला?”

बाईजींनी एक बोट त्याच्या कपाळावर ठेवलं.

“पड.”

“पण सापडलं ना आता…”

“पड रे.”

बोटात काय जोर असणार? पण तो पडला.

बाईजींनी सूप परत ओढलं. मेथी निवडायला लागल्या. मीही निवडायला लागले. पानं इकडं, काड्या तिकडं. मेथीचा कडवट वास सुटला होता. दादा वाट बघत होता, पुढचा प्रश्न येईल म्हणून. प्रश्न आला नाही.

“बाईजी?”

उत्तर नाही.

“बाईजी, किती वेळ?”

उत्तर नाही.

आत स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून काहीतरी मोठं पडलं. पितळेचं असावं, फिरत फिरत, आवाज काढत थांबलं. मी दचकून उभीच राहिले. दादाही दचकला, पण पडल्यापडल्या दचकलं की माणूस फक्त हलतो. त्याला भिंत दिसत होती आणि पत्रे दिसत होते.

“काय पडलं?” त्याने विचारलं.

मला दारातून दिसत होतं, कळशी पडली होती. बाईजींनाही दिसत होतं. बाईजींनी मला हातानेच खूण केली, बस. मी दादाच्या उशाशी बसले.

त्याला कुणीच सांगितलं नाही.

मग बाईजी माझ्याकडे वळल्या. दादाच्या अंगावरूनच.

“याला चहा चालतो का गं?”

“हो, चालतो,” मी म्हणाले.

“साखर?”

“एक चमचा.”

“रात्री झोप लागते का याला नीट?”

“लागते. घोरतो पण.”

“पोट साफ होतं?”

“होतं बहुतेक,” मी म्हणाले, आणि मला एकदम हसू फुटलं.

दादाही हसला. “अहो, मला विचारा ना! मी इथंच आहे!”

बाईजींनी कान माझ्याकडे केला.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, मी इथंच आहे.”

बाईजी त्याच्यावर वाकल्या. त्याच्या दंडावर थोपटलं. आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, बहिऱ्याशी बोलावं तसं.

“हो हो, बाळा! आहेस हं! इथंच आहेस! शहाणा माझा तो!”

दादाचं हसू अर्धं राहिलं.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा असाच बोलतो. अप्पांच्या कॉटशी वाकतो, थोपटतो, ओरडतो, मग सरळ होतो आणि मला विचारतो, “जेवतात का?” मी सांगते. पुढचा प्रश्न, मी सांगते. अप्पांच्या अंगावरून चहाचे कप जातात, बशा जातात, बातम्या जातात.

“याला ऊन लागतंय का बघ,” बाईजी मला म्हणाल्या.

“नाही लागत,” दादा म्हणाला.

“लागत असेल. बोलता येत नाही बिचाऱ्याला.”

“बाईजी, मला बोलता येतंय!” आता त्याचा आवाज चढला होता. “पुरे झालं हे. मी विचारायला काय आलो होतो आणि…”

“चिडचिड करतो का गं असा?” त्यांनी मला विचारलं. अगदी मायेने.

मी मान खाली घालून काड्या मोडत राहिले.

“करत असेल. आजाराचंच असतं ते. चल, तुझं सांग. कॉलेज झालं ना तुझं?”

“झालं…”

“आणि नोकरीचं?”

त्या विचारत राहिल्या. मी काहीबाही सांगत राहिले. आमची बोलणी त्याच्या वरून, हातभर उंचीवरून, इकडून तिकडं जात होती. दादाने दोनदा काही बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा बाईजींचा प्रश्न आधी आला.

मग त्याने तोंड मिटलं.

डोळे पत्र्याला लागले. पत्र्यावरून कोळिष्टकावर आले. तिथंही फार वेळ टिकले नाहीत.

…आणि दादाने मान वळवली. भिंतीकडे.

मी जे पाहिलं ते सांगते. त्याचा कान, कानामागचा तीळ, मानेची वळी. अप्पांची कॉट मी रोज ज्या बाजूने बघते, त्याच बाजूने तो मला दिसत होता. तसाच कान. तशीच मान. माझ्या हातातली जुडी खाली पडली. तिचा काही आवाज झाला नाही, तरी मी दचकले.

बाईजींनी बोलणं थांबवलं.

त्या उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो, एक हात चौरंगावर, एक हात गुडघ्यावर. मला आधार द्यायला येऊ दिलं नाही. दादाच्या पायांना वळसा घालून त्या पलीकडे गेल्या. भिंत आणि दादा यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती. त्या जागेत त्या शिरल्या. पाठ भिंतीला घासत घासत खाली बसल्या. गुडघे पोटाशी घेतले. आणि वाकून, वाकून, गाल गुडघ्यावर टेकवला.

दादाने डोळे मिटून घेतले होते. त्याने उघडले तेव्हा समोर भिंत नव्हती.

त्या काही बोलल्या नाहीत. हसल्या नाहीत. थोपटलं नाही. नुसतं बघत राहिल्या. ऐंशी पार केलेला, सुरकुतलेला चेहरा, त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

रहाटाचा दोर कुरकुरायचा थांबला होता…

दादाच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. उताण्या माणसाचं पाणी कानात जातं. त्याने ते पुसलं नाही.

कितीतरी वेळाने बाईजी म्हणाल्या, “ऊठ आता. दुकानात कळवायचंय ना तुला?”

दादा उठून बसला. शर्टाच्या पाठीला फरशीचा गारवा आणि एक मेथीचं पान चिकटलं होतं.

“कळवतो,” तो म्हणाला. पण टॅब्लेटला हात लावला नाही.

आम्ही दोघांनी दंडवत घातला. पालथा. या वेळी दादा लवकर उठला नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत त्याचा फोन वाजला. दुकानातून होता. “साहेब, कोणतं ठरलं?” दादा म्हणाला, “माझं काही ठरलेलं नाही. ज्यांची टाकी आहे त्यांना अजून विचारायचंय.” आणि फोन ठेवला.

मग गावात शिरेपर्यंत तो एकदाच बोलला.

“आशू, अप्पांना चहात साखर किती लागते?”

“पाऊण चमचा.”

“ते त्यांनी सांगितलं?”

मी खिडकीबाहेर बघितलं.

घरी आल्यावर दादाने कपडेसुद्धा बदलले नाहीत. अप्पा पडू नयेत म्हणून आम्ही त्यांची कॉट भिंतीला अगदी चिकटवून ठेवली होती. दादाने ती ओढली. लोखंडाचा पाय फरशीवर असा किंचाळला की मी दोन्ही कान धरले. अप्पांनी डोळे उघडले नाहीत. कॉटमागे एक कंगवा निघाला, धूळ निघाली, औषधाचं झाकण निघालं. त्या सगळ्यात दादा जाऊन बसला. भिंतीला पाठ, कॉटच्या कडेवर हनुवटी.

मी दारात उभी राहिले.

अप्पांनी डोळे उघडले. बघितलं. मिटले.

दादा हलला नाही.

परत उघडले. या वेळी मिटले नाहीत. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. दादाने “अप्पा” म्हटलं नाही, “कसं वाटतंय” म्हटलं नाही. मीच आपली ओठ चावत होते, हा आता काहीतरी बोलेल म्हणून.

मग अप्पांचा डावा हात चादरीतून बाहेर आला. दादाच्या गालावर गेला. दादाची दाढी दोन दिवसांची होती. अप्पांनी त्या खुंटांवरून बोटं फिरवली. उलटी फिरवली. आणि त्याच हाताने फटकन एक चापट मारली.

दाढी न करता कामावर जाणारा माणूस अप्पांना कधी आवडला नाही.

दादा हसायला लागला. हसता हसता त्याने कपाळ कॉटच्या लोखंडी दांड्यावर टेकवलं, आणि मग त्याचे नुसते खांदे हलत राहिले. अप्पांनी हात तिथंच ठेवला. त्याच्या केसांत.

मी चहा टाकायला आत गेले. दूध उतू गेलं ते मला कळलंच नाही. शेगडी विझली, आणि मी विझल्या शेगडीसमोर हात जोडून उभी होते. कुणाला जोडले होते, ते विचारू नका. सगळ्यांनाच.

चहा घेऊन गेले. “अप्पा, साखर?” मी खाली बसून विचारलं.

त्यांनी बोटं वर केली. दोन.

मेथीचा हंगाम गेला, चिंचेचा आला, तेव्हा आम्ही पुन्हा मठात गेलो. बाईजी ओसरीवर चिंच फोडत होत्या. दादा दंडवत घालून उठतो न उठतो तोच सुरू झाला.

“बाईजी, अप्पांनी गडद लाल, मरून रंग निवडला! मरून सनमायका! वर सोनेरी मुठी!”

“बरं.”

“बरं काय? शंभर फोटो दाखवले मी त्यांना. त्यांच्या शेजारी पडून, त्यांच्या उंचीवरून. पांढरं आलं की डोळे मिटायचे. सागवानी आलं की डोळे मिटायचे. आणि हे आलं, तर डाव्या हातानं पडद्यावर अशी चापट मारली की टॅब्लेट खाली पडला.”

“मग घेतलंस?”

“घेतलं. बुटकं करून घेतलं, कॉटच्या उंचीला. टाकीपण सहा फुटी नाही, त्यांना नको होती. तीन फुटी. माझ्या हॉलमध्ये ते कपाट कसं दिसतं सांगू? लग्नाच्या बँडवाल्यासारखं. दिमाखात उभं आणि कशाशी जुळत नाही.”

“पाहुणे काय म्हणतात?”

“पाहुणे विचारतात, हे कुणी निवडलं? मी म्हणतो, अप्पांना विचारा.” दादा थांबला. “मग ते विचारतात, बाईजी. अप्पांना. वाकून नाही, बसून. आणि अप्पा हात वर करतात, मी, मी म्हणून. एसटीत कुणी तिकिटासाठी हात वर करायचं, तसा.”

बाईजींनी एक चिंचोका सुपात टाकला.

दादाने हात जोडले. त्याला काही म्हणायचं होतं, ते गाडीत दोनदा म्हणून बघितलं होतं त्याने, मी ऐकलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

“तुम्ही नसता तर मी पांढरंच घेतलं असतं.”

“पांढरंही चांगलंच होतं,” बाईजी म्हणाल्या.

दादाचे जोडलेले हात तसेच राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ‘झालं, पोचलं’ अशी.

“एकच अडचण आहे,” तो म्हणाला.

“बोल.”

“मासे अजून नाहीत. दुकानवाला म्हणतो, नव्या पाण्यात मासे सोडले की मरतात. आधी नुसतं पाणी भरायचं, फिल्टर चालू ठेवायचा, आणि थांबायचं. पाणी मुरलं, त्यात जीव धरला, की मग मासे. किती आठवडे जातील सांगता येत नाही. तोवर टाकीत काही नाही. ना मासा, ना झाड. मागं काळा कागद आणि पुढं चकचकीत काच नि पाणी.”

“मग?”

“अप्पा तेच बघत असतात! तासन् तास. मी कामावरून आलो की मला खुणेनं बोलावतात, कॉटवर शेजारी बसवून घेतात. खांद्याला खांदा लावून आम्ही दोघं त्या पाण्यासमोर. मी हललो की त्यांची नजर हलते. मी हसलो की ते हसतात. पण माझ्याकडं वळून नाही, समोर बघूनच. मी म्हणतो, अप्पा, थोडे दिवस थांबा, मासे येऊ द्या, मग बघा मजा. तर मला गप्प करतात, बोट ओठावर ठेवून.”

त्याने डोकं खाजवलं.

“चांगलं आहे, बाईजी. त्यांचा चेहरा असा दिसतो की मला काही मागायचंच उरलेलं नाही. पण कळत नाही. रिकाम्या टाकीत एवढं काय दिसतं त्यांना?”

बाईजींचे हात चिंचेने माखले होते. त्यांनी ते तसेच मांडीवर ठेवले, आणि दादाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं…

“रिकामी आहे, असं कोण म्हणालं तुला?”